रिकाम्या पालखीतला सेनापती

"बरं, तिला स्वीडनवाल्यांत घाल. तिकडे ती शोभून दिसेल."

बोलणाऱ्या बाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे अर्धं वाक्य दातांतच अडकलं. मला ते पूर्ण ऐकू आलं. शाळेच्या जिममध्ये भिंतीला लावलेल्या लांब बाकावर मी बसले होते, मांडीवर माझ्या भाचीचं जॅकेट. टाचण्यावाल्या बाई आमच्याच घराच्या तळमजल्यावर राहायच्या. गावाच्या वार्षिक नाटकाचे कपडे त्या शिवत. त्या बोलत होत्या नाटक बसवणाऱ्या बाईंशी, ज्या पूर्वी त्याच शाळेत शिकवायच्या. त्यांनी फक्त "हम्म" केलं आणि पेन्सिल कानामागे खोचली.

जिच्याविषयी हे चाललं होतं ती माझी सात वर्षांची भाची हॉलच्या मधोमध अनवाणी उभी होती. बूट शेजारी जोडून ठेवलेले, हात जोडलेले, डोळे मिटलेले, मान खाली. तिच्यासमोरून चार माणसं एक पालखी खांद्यावर घेऊन गेली होती आणि तिने नमस्कार केला होता. बाकीची मुलं ताठ उभी होती. एकदोघं हसली. पालखी वाहणाऱ्यांतला पुढचा माणूस थबकला आणि मागच्याने त्याला जर्मनमध्ये "चल रे" म्हटलं.

मी जॅकेटची चेन वर केली, खाली केली.

न्युरेम्बर्गपासून लोकल गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर हे गाव आहे. माझी ताई आणि भावोजी तिथे भाड्याच्या घरात राहायचे. भावोजी मेकॅनिकल इंजिनिअर, रोज न्युरेम्बर्गला जायचे. मी पुण्याहून मास्टर्ससाठी आले होते आणि हॉस्टेलची खोली मिळेपर्यंत म्हणून ताईकडे उतरले होते, ती दीड वर्षं झाली तरी तिथेच होते. फुटबॉलच्या वर्ल्डकपला लावलेले झेंडे वर्ष उलटूनही काही बाल्कन्यांत लटकत होते, रंग उडून फिकट झालेले. मला ते गाव तसंच आठवतं.

जर्मन मला बरंच समजायचं. बोलायची वेळ आली की वाक्य मनात जुळवून होईपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. हे काही जर्मनीत आल्यावर झालेलं नव्हतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वर्गात मराठी शब्द तोंडातून गेला की बाकावर उभं करत, आणि घरी इंग्रजी गेला की काका म्हणत, "आल्या मडमबाई." तेव्हापासून मला आधी गप्प राहून ऐकायची सवय लागली. भाची त्याच्या उलट. तिच्याशी आम्ही मराठीत बोलायचो, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, तेसुद्धा तिथल्या लोकांसारखा र घोळवून. भावोजी म्हणायचे, "ही बोलायला लागली की वाटतं आपल्याकडे इथला गावातला खाटीक आलाय."

दर उन्हाळ्यात गावात नाटक व्हायचं. तीसेक वर्षं चाललेल्या एका जुन्या युद्धात स्वीडनचा सेनापती फौज घेऊन वेशीपाशी आला. मोठी माणसं घाबरून घरात बसली, आणि गावातली मुलं एकटीच बाहेर गेली. त्यांनी त्याला गाव सोडून देण्याची विनंती केली आणि त्याने ती ऐकली. एवढीच गोष्ट. सेनापती आजारी होता, घोड्यावर बसू शकत नव्हता, म्हणून त्याला पालखीत घालून नेत. पालखीला जर्मनमध्ये वेगळा शब्द आहे, पण भाचीने आणि मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा एकदमच म्हटलं, "पालखी!" काळ्या लाकडाची, दोन दांडे, बाजूला जाड लाल पडदा. पडदा कधीच उघडत नसे. सेनापतीचं काम नाटकात कोणीच करत नसे. मुलं पडद्यासमोर आपापलं वाक्य बोलत, आतून काही उत्तर येत नसे, मग ढोल वाजे आणि पालखी मागे वळे. त्या वळण्यालाच त्याचं उत्तर समजायचं.

आणि एक नियम होता. मुलांनी त्याच्यापुढे वाकायचं नाही. गुडघे टेकायचे नाहीत, मान खाली घालायची नाही. फौजेबरोबरचे लोक, म्हणजे स्वीडनवाले, ते वाकतात. गाव ताठ उभं राहतं. गावाला याचा अभिमान होता.

भाचीला गावातल्या मुलांमध्ये घेतलं होतं आणि एक वाक्यही दिलं होतं: "आमच्या घरात धाकटं बाळ झोपलंय." तिला धाकटं भावंड नाही. तरी हे वाक्य ती तळघरातल्या वॉशिंग मशीनला, दात घासताना आरशाला, बसच्या काचेला सांगत फिरायची. तिच्या वर्गातल्या तिघीजणी त्याच रांगेत होत्या. आदल्या वर्षी ती त्यांच्यात नव्हती आणि पूर्ण उन्हाळा एकटी खेळली होती, हे घरात आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

घरी येताना मी तिला विचारलं, "बूट का काढलेस गं?"

ती जर्मनमध्ये म्हणाली, "पालखी आली ना."

मागच्या ईस्टरच्या सुट्टीत ते तिघे भावोजींच्या गावी जत्रेला गेले होते. देवाची पालखी दारात आली, तेव्हा आजीने तिच्या पायातले सँडल काढायला लावले, पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर तांब्याने पाणी घालायला दिलं आणि सांगितलं, पालखी आली की आत कोण आहे ते विचारायचं नाही, हात जोडायचे. तिने ते पक्कं लक्षात ठेवलं होतं. "आणि मावशी," ती म्हणाली, "इथे त्यांच्या पायांवर कोणी पाणी का नाही घालत? त्यांचे पाय दुखत असतील."

ताईला मी ऐकलेलं वाक्य सांगितलं. सांगताना ते थोडं सौम्य केलं. ती कणीक मळत होती.

"असू दे गं," ती म्हणाली. "कुठे का उभी राहीना. फोटोत आली म्हणजे झालं."

"तिचं वाक्य जाईल."

"अगं, एक तर वाक्य आहे." मग हात थांबवून, "अहो, ऐकलंत का? हिला शत्रूत टाकणारेत."

भावोजी बाहेरच्या खोलीतून म्हणाले, "लढाई कोण जिंकलं?"

"कोणास ठाऊक."

"स्वीडनवाले जिंकत होते. जिंकणाऱ्या बाजूला आहे पोरगी. कशाला तक्रार?"

ताई हसली. मीही हसले. नंतर ताई कणकेवर ओला फडका टाकत हळूच म्हणाली, "त्यांच्याशी आपण वाईटपणा घ्यायचा नाही हं. खाली त्या राहतात. एवढं करतात आपल्यासाठी." ते खरं होतं. ताई बाळंत झाली तेव्हा सूप करून वर आणणाऱ्या त्याच होत्या. भाची त्यांना ओमा म्हणायची, म्हणजे आजी. मी त्यांना काहीच म्हणत नसे. जिन्यात भेटल्या की "हॅलो" म्हणून बाजूला व्हायची.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीतून त्या सेनापतीवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं. आजवर कोणाशी बोलायचं टाळायचं असलं की मी पुस्तक आणत आले आहे.

हा माणूस लहानपणी स्वीडनच्या राजाच्या पदरी हरकाम्या होता. राजा तरुण होता, त्याने त्याला हॉलंडमध्ये युद्ध शिकायला पाठवलं. तिथून तो तोफांचं वेड घेऊन परतला. तोफा तेव्हा किल्ला वेढायच्या कामाच्या, अवजड. याने हलक्या तोफा रणात घोड्यामागे पळवल्या. तिशी गाठायच्या आत राजाचा सगळा तोफखाना त्याच्या हाताखाली होता. मग न्युरेम्बर्गजवळच्या टेकडीवर राजाने हल्ला केला आणि तो फसला. भावोजींच्या ऑफिसच्या सहलीत ती टेकडी मी पाहिली होती, तिथे आम्ही चिवडा खाल्ला होता. त्या हल्ल्यात हा शत्रूच्या हाती लागला. त्याला डॅन्यूबकाठच्या एका किल्ल्यात ओलसर कोठडीत ठेवलं, वर्षभराच्या आसपास. तो आत असतानाच तिकडे त्याचा राजा लढाईत मारला गेला. अदलाबदलीत सुटून आला तेव्हा त्याचे सांधे कायमचे गेले होते.

तो घरी परतला, तर पुन्हा बोलावणं आलं. जर्मनीतल्या स्वीडिश फौजेचा सेनापती वारला होता आणि शिपायांना पगार नव्हता, बंड व्हायच्या बेतात होतं. त्याने प्रकृतीचं कारण सांगून पाहिलं. कोणी ऐकलं नाही. मग तो पालखीत पडून फौज हाकू लागला. हात इतके वाकडे झालेले की कधी कधी हुकमावर सहीसुद्धा करता येत नसे. आणि त्याची फौज त्या काळातली सगळ्यात वेगवान. आज दक्षिणेत आहे म्हणावं तर थंडीत अचानक उत्तर टोकाला डेन्मार्कच्या सरहद्दीवर. तिकडे पाठलागाला जावं तर हा पुन्हा खाली, थेट व्हिएन्नाच्या अंगणात. जो स्वतः पाऊल टाकू शकत नव्हता त्याच्यापासून कोणालाच पळता येत नव्हतं. शेवटी शरीरच थांबलं तेव्हा त्याने काम सोडलं. मायदेशी त्याला मोठा किताब दिला, पश्चिमेकडच्या प्रांतांचा कारभार दिला. खुर्चीत बसून त्याने तोही केला. पन्नाशी गाठायच्या आत गेला.

पुस्तकात आमच्या गावाचं नाव कुठेही नव्हतं. मी शेवटची सूचीसुद्धा पाहिली. तो इथे आला असेल असं मानायला काही आधार नव्हता. त्याची एखादी तुकडी आली असेल, किंवा दुसऱ्याच कोणाची.

तरी त्यानंतर मला तो घरात जाणवायला लागला. वॉशिंग मशीन तळघरात होतं. त्या भिंतींना उन्हाळ्यातही घाम यायचा, चुना पोपडे धरून सुटायचा. मशीन फिरायचं थांबलं की पुढचं मिनिटभर तिथे कसलाच आवाज नसायचा, आणि मला वाटायचं की कोपऱ्यात, बटाट्यांच्या खोक्यामागे, कोणीतरी श्वास रोखून माझ्या जाण्याची वाट बघतंय. मी ओले कपडे न झटकताच बादलीत कोंबून वर यायची. एकदा भाची माझ्याबरोबर होती. तिने खोक्याकडे बघून आपलं वाक्य म्हटलं. धाकटं बाळ झोपलंय. मी म्हटलं, "कोणाला सांगतेस? पालखीसुद्धा रिकामी असते." ती म्हणाली, "म्हणून तर. तो तिथे नाहीये ना. मग तो कुठेही असू शकतो."

मला तिला हसायचं होतं, ते जमलं नाही.

त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची होती. ती पाळी कोणाची हे सांगणारी पाटी ओमा स्वतः दारोदार अडकवत. मी झाडत खाली आले तर त्या दारात उभ्या, हातात चेरींचं भांडं. "क्लाइनेला दे," त्या म्हणाल्या. क्लाइने म्हणजे छोटी. मग भांडं माझ्या हाती न देता तसंच धरून त्या म्हणाल्या, "तिने त्याला नमस्कार केला."

मी मान हलवली.

"नदीच्या वरच्या अंगाला एक वस्ती होती, माहितीये?"

माहीत नव्हतं.

"आता शेत आहे तिथे. फौज आमच्या वेशीवरून वळली, पण फौजेला कुठेतरी जायचंच होतं. भूक लागली होती त्यांना. ती वस्ती जाळली. सगळी. परत कोणी वसवली नाही." त्या चेरींकडे बघत बोलत होत्या. "नांगराला अजून दगड लागतात. घरांच्या पायाचे. आम्ही ते आणतो आणि नाटकाच्या मिरवणुकीच्या आदल्या दिवशी पालखीत ठेवतो. पहिला दगड माझी आई ठेवायची, आता मी ठेवते. लोक विचारतात सेनापती आत का बसत नाही. जागाच नाही. पडदा का उघडत नाही, तर हे म्हणून."

"नाटकात हे सांगत नाहीत," मी म्हणाले. दीड वर्षात त्यांच्याशी बोललेलं माझं ते पहिलं पूर्ण वाक्य असेल.

"नाटकात आमचं गाव बचावतं," त्या म्हणाल्या. "माझ्या लहानपणी एका मुलाने गंमत म्हणून वाकून दाखवलं होतं. मुजरा केल्यासारखं." त्या मुलाचं पुढे काय झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांच्या लहानपणी पुढे दुसरं महायुद्ध झालं, एवढं मला माहीत होतं. "आमची मुलं त्याच्यापुढे वाकत नाहीत. खरंच, हे असंच आहे. तिला राग नको येऊ दे. स्वीडनवाल्यांच्या बायकांचा घागरा छान आहे, लाल पट्टीचा."

भांडं माझ्या हातात आलं. दार लागलं. मी उरलेल्या पायऱ्या झाडल्या.

"आमची मुलं" हे दोन शब्द मी वर घेऊन गेले. त्यात किती भाग त्या जुन्या भीतीचा होता आणि किती भाचीच्या रंगाचा, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही सांगता येणार नाही. बहुधा त्यांनाही सांगता आलं नसतं.

भाचीला मी दगडांची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही असा विचार केला होता, पण ती चेरीच्या बिया ताटलीच्या कडेला रांगेत मांडत होती आणि मला ते पाहवेना. तिने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे आत कोणीतरी आहे."

"दगड आहेत."

"त्यांची घरं आहेत," ती म्हणाली. "मग माझं बरोबरच होतं."

कपडे घालून बघायचा कार्यक्रम शनिवारी दुपारी होता, गावाच्या जुन्या धान्यकोठारात. ताई न्युरेम्बर्गला भारतीय दुकानात गेली होती. जाताना म्हणाली, "तू आहेस ना," म्हणून मी होते. कोठारात उन्हातून शिरल्यावर आधी काही दिसलं नाही. गवताचा, जुन्या लोकरीचा वास. मग एका बाजूला गावातल्या मुलांचे पांढरे एप्रन दोरीवर दिसले, दुसऱ्या बाजूला स्वीडनवाल्यांचे करडे घागरे. आणि मागे अंधारात पालखी, दोन लाकडी टेकूंवर ठेवलेली, पडदा बंद. मिरवणूक दुसऱ्या दिवशी होती. दगड भरले असावेत, कारण दांडे मध्यावर खाली झुकले होते.

भाचीच्या वर्गातल्या तिघी एप्रन घालून एकमेकींच्या मागच्या गाठी बांधत होत्या. तिला बघून त्यांनी हाक मारली, रांगेत चौथी जागा ठेवली होती. ओमांनी तिला मध्येच खांद्याला धरून वळवलं, दुसऱ्या दोरीकडे. "ये, क्लाइने. हात वर." करडा घागरा तिच्या कमरेला लावून पाहिला, तोंडातली टाचणी काढली. नाटक बसवणाऱ्या बाई पेन्सिलीने यादीवर काहीतरी खूण करत होत्या. कोणी रागावलं नव्हतं, कोणी आवाज चढवला नव्हता. सगळं अगदी प्रेमाने चाललं होतं.

भाचीने हात वर केले. तसेच ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मावशी, मग मी माझं वाक्य नाही म्हणायचं का?"

मराठीत. जी मुलगी आमच्या एका प्रश्नालाही मराठीत उत्तर देत नव्हती, तिने हे मराठीत विचारलं, म्हणजे तिथल्या कोणाला कळणार नाही. ओठ जेमतेम हलवून. तसं कोण बोलतं ते मला माहीत होतं. ते ती माझ्याकडूनच शिकली होती.

ओमा वर बघून म्हणाल्या, "काय म्हणते?"

मागे पालखीचं लाकूड करकरलं. ओझ्याने करकरलं असेल. तिन्ही मुली एकदम गप्प झाल्या आणि पडद्याकडे बघू लागल्या. ओमांचा टाचणीचा हात थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर मी जी भीती पाहिली ती सात वर्षांच्या मुलीची होती. तळघरात मला वाटते तीच. मला त्यांचा राग येईना, आणि तरी भाचीचे हात वरच होते.

मी पुढे जाऊन घागरा तिच्या कमरेवरून काढला, घडी केली आणि ओमांच्या हातात दिला. या वेळी वाक्य मनात जुळवत बसले नाही. ते व्याकरणाने चुकलं असेल, पण त्या कोठारात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी जर्मनमध्ये म्हणाले,

"ओमा, ती या गावात राहते. ती गावातल्या मुलांत उभी राहील, आपलं वाक्य म्हणेल, आणि पालखी आली की बूट काढेल."